वाऱ्याच्या तोंडाला

सुमित ओहोळला बक्षीस लागलं तेव्हा दौंडच्या घरात कुणालाच आनंद झाला नाही. पुण्यात मोबाइलवरच्या गाड्यांच्या शर्यतीची स्पर्धा होती, तीत तो दुसरा आला. पहिल्याला खरीखुरी मोटारसायकल मिळाली, तिसऱ्याला नवा फोन. दुसऱ्याच्या वाट्याला आलं मुंबईहून लक्षद्वीपला जाऊन येणाऱ्या प्रवासी जहाजाचं दोघांचं तिकीट. ते दुसऱ्या कुणाला देता येणार नाही, असं त्याच्यावरच छापलेलं होतं.

"तिसरा यायला काय झालं हुतं तुला?" त्याची आई, चांगुणा, म्हणाली. पाण्यावर झोपायला तिने साफ नकार दिला. त्यामुळे सोबत वडील निघाले.

भिमाजी ओहोळ कुरकुंभच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होते, गेल्या वर्षी निवृत्त झाले. कॉम्प्रेसरशेजारी उभं राहून डावा कान गेला होता, उजव्याला जेमतेम ऐकू यायचं. लहानपणापासूनचा दमा होता. त्याचा पंप हाताशी लागायचा. सुमितही कुरकुंभलाच, पण दुसऱ्या कंपनीत पॅकिंगला होता आणि जेवणाच्या सुट्टीत डबा एका हाताने खायचा, कारण दुसऱ्या हातात फोन असायचा. भिमाजींचं त्याबद्दलचं मत शेजारीपाजारीही पाठ म्हणून दाखवत.

"ह्यो फोनात गाड्या पळिवतो, आन् घरची स्कूटर पंक्चर झाली की मी ढकलीत न्यायची."

जहाज अकरा मजल्यांचं होतं. सुमितने पहिल्याच संध्याकाळी ते वरपासून खालपर्यंत पालथं घातलं. शर्यतीच्या गेमने बक्षीस दिलं असलं तरी त्याचा जीव दुसऱ्याच गेममध्ये होता: लपतछपत शत्रूच्या तळात शिरायचं, पहारेकऱ्यांच्या नजरा चुकवायच्या आणि काम करून बाहेर पडायचं. तसल्या गेममध्ये नव्या जागी उतरलं की नकाशा काळा असतो. आपण जिथे जिथे जाऊन येतो तेवढाच उजळतो. जहाजावरचं काळं त्याने जेवणाच्या आधीच पुसून टाकलं. खोल्यांचे बोळ सगळे एकसारखे होते, गालिचावर तेच शिंपले आणि भिंतीवर तीच चित्रं. बनवणाऱ्याने एकच बोळ मेहनतीने केला आणि बाकीचे कॉपी-पेस्ट केले, असं त्याचं मत झालं. जेवणघराच्या दारात एक कर्मचारी प्रत्येकाच्या हातावर सॅनिटायझर मारत हसून तेच ते वाक्य म्हणत होता. सुमित मुद्दाम बाहेर जाऊन परत आत आला. वाक्य तेच आलं, हसणंही तेच.

दुसऱ्या दिवशी पाण्याचा रंग बदलला. मुंबईचं मातकट पाणी मागे राहिलं आणि निळं सुरू झालं, इतकं निळं की फोनमध्ये ग्राफिक्स पूर्ण वाढवल्यावरच तसं दिसतं, आणि मग फोन तापतो. कठड्याजवळ उभं राहून सुमित बराच वेळ पाहत होता. पाण्यातून छोटे मासे उडी मारून वर येत आणि पंख पसरून लांबवर तरंगत जात.

"आबा, बघा की. कुठंच अडकत न्हाई."

"काय अडकत न्हाई?"

"पाणी."

"पाणी कशाला अडकंल?" भिमाजींनी विचारलं. ते पाण्याकडे नाही, वर डोलकाठीवरच्या झेंड्याकडे पाहत होते. मग त्यांनी भिंतीवरच्या अग्निशामक नळकांड्याचा काटा हिरव्यात आहे का ते वाकून बघितलं आणि त्यांचं समाधान झालं.

त्यांच्या जेवणाच्या टेबलावर शिरूरकडचं एक जोडपं होतं. बाळासोंची खताची एजन्सी होती. कंपनीने दिलेलं विक्रीचं टार्गेट पूर्ण केलेल्या एजंटांना ही सफर लागली होती. सोबत पत्नी, सोजराबाई. बाळासोंनी पहिल्या घासाआधी गाव विचारलं, दुसऱ्या घासाआधी आडनाव, आणि तिसऱ्या घासाला, हिशेब मनात नीट बसल्यासारखे, मोकळे बोलू लागले.

"म्हंजी पाव्हणं, तुम्ही मोबाइलवर खेळून आलात?"

"व्हय."

"आन् मी युरिया इकून आलो. दोघांचं जहाज येकच." आपल्याच बोलण्यावर ते मोठ्याने हसले. भिमाजींना काही ऐकू आलं नव्हतं, पण तेही हसले.

सोजराबाईंचं आणि भिमाजींचं लगेच जमलं, कारण जहाजावरचा चहा दोघांनाही पसंत नव्हता. सकाळी नाश्ता झाला की दोघं वरच्या उघड्या मजल्यावर चालायला जात. तिथे चालताना सोजराबाई बोलायच्या आणि भिमाजी मान हलवायचे.

तिसऱ्या दिवशी सकाळीही ती दोघं वर गेली. जाताना भिमाजींनी शर्ट बदलला आणि जुन्या शर्टाच्या खिशातला दम्याचा पंप काढून सुमितकडे दिला. नव्या शर्टाला खिसा नव्हता. फोन त्यांनी खोलीतच ठेवला. समुद्रात रेंजच नव्हती. सुमित पाचव्या मजल्यावरच्या जेवणघरात बाळासोंसोबत बसून राहिला. बाळासोंना फोनवरची गाडी चालवून पाहायची होती आणि ती सारखी भिंतीवर आदळत होती.

तेवढ्यात भोंगा वाजला. लागोपाठ आखूड, आणि शेवटी एक लांबलचक. मग स्पीकरवर इंग्रजीत आणि हिंदीत घोषणा झाली: खालच्या मजल्यावरच्या लाँड्रीतून धूर येत आहे, घाबरण्याचं कारण नाही, पण सर्व प्रवाशांनी आपापल्या जमण्याच्या जागी यावं. जमण्याची जागा प्रत्येकाच्या कार्डावर छापलेली होती. ओहोळ बापलेकांची आणि बाळासोंच्या जोडप्याची जागा हेच जेवणघर.

लोक आत येऊ लागले. कुणी अंघोळीच्या टॉवेलवर होतं, कुणाच्या हातात कापलेलं कलिंगड होतं. दारात शितल नावाची कर्मचारी उभी होती. तिच्या हातातल्या यंत्रावर कार्ड टेकवलं की हिरवा दिवा लागायचा. आत लाइफ जॅकेट वाटत होते. लोक येण्याचं कमी झालं, मग थांबलं. भिमाजी आणि सोजराबाई आले नव्हते.

हवेत जळक्या कापडाचा वास होता. सुमितने खिशातला पंप चाचपला आणि तो दाराकडे गेला.

"मॅडम, माझे वडील आले न्हाईत. मी घेऊन येतो."

"तुम्ही पुण्याकडचे का?" शितलने मराठीत विचारलं. ती रत्नागिरीची होती. "बाहेर जाता येणार नाही. तुम्ही गेलात की मला दोन माणसं शोधावी लागतील."

"मला सगळं जहाज पाठ हाय. पळत जाऊन येतो."

"दोन जिने बंद केलेत. तुम्हाला पाठ आहे ते कालचं जहाज." तिने वॉकीटॉकी तोंडाजवळ नेला. "माणसं शोधायला निघालीत. ते कुठे असतील ते सांगा."

सुमितने पंप दाखवला. "त्यांना दमा हाय. ह्यो माझ्याकडं राहिलाय."

शितलने पंपाकडे पाहिलं आणि वॉकीटॉकीवर तेही सांगितलं. तिचा आवाज बदलला नाही, पण बोलण्याचा वेग वाढला.

"वरच्या मजल्यावर चालायला गेल्यात," सुमित म्हणाला. "न्हाईतर खोलीत. न्हाईतर चहा मिळतो तिथं."

तिन्ही ठिकाणांहून एकामागून एक उत्तर आलं. चालायची वाट रिकामी. खोली रिकामी. चहाच्या काउंटरवर कुणी नाही.

बाळासो शेजारी येऊन उभे होते. जॅकेटचा पट्टा त्यांनी उलटा लावला होता. "आरं, तुझ्या आबांनी आमच्या बाईला नेली तरी कुठं?" ते म्हणाले. हसायचा प्रयत्न होता, पण हसू आलं नाही. "तिला बोळातून खोली सापडत न्हाई गड्या. काल दुसऱ्याच्याच दाराला कार्ड लावीत हुती. धुरात कुठं शिरली असंल तर..."

"काका, थांबा जरा. इचार करू द्या."

सुमितला पहिल्यांदाच जाणवलं की त्याला जहाजाचा कोपरान् कोपरा ठाऊक आहे आणि त्याचा काडीचा उपयोग नाही. माणूस कुठे असू शकतो अशा जागा पुष्कळ होत्या. त्यातली नेमकी कोणती, हे नकाशा सांगत नव्हता.

त्याने गेममध्ये काय केलं असतं? तिथे पहारेकरी कुठे आहे याचा शोध कुणी घेत नाही. पहारेकऱ्याची सवय काय, ते बघतात. भोंगा वाजला की तो कुठे पळतो हे एकदा कळलं की झालं. दहा वेळा वाजवला तरी तो दहा वेळा तिकडेच जातो.

भोंगा वाजला की आबा कुठे जातात?

उत्तर इतकं सोपं होतं की आधी सुचलं नाही याचाच त्याला राग आला. सुमित शाळेत जायच्या आधी ते कुरकुंभला कंपन्यांच्या मागच्या वस्तीत भाड्याने राहायचे. सरावाचा भोंगा अधूनमधून व्हायचा. भोंगा झाला की वस्तीतली बाकीची माणसं दारात उभी राहून गप्पा मारायची. भिमाजी मात्र बायको-पोराला हाताला धरून निघायचे. आधी टाकीवरच्या कापडी पिशवीकडे बघायचं. वारा कुठून येतोय ते कळलं की त्या वाऱ्याच्या तोंडाला चालू लागायचं, मोकळ्या माळावर जाऊन थांबायचं आणि आपली माणसं मोजायची. छपराखाली जायचं नाही, गर्दीच्या मागे जायचं नाही, खाली तर मुळीच उतरायचं नाही. गॅस खाली बसतो. तीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं आणि कंपनीत नव्या पोरांना हेच शिकवलं होतं. जहाजावर चढल्यावर खोलीतल्या टीव्हीवर सुरक्षेची फिल्म दाखवली, तेव्हा ते उशीचा अभ्रा पाहत होते. नंतर सुमितच्या मागोमाग येऊन त्यांनी या जेवणघराच्या दारात कार्ड टेकवलं, एवढंच. आणि आज वर स्पीकर काय बोलला ते त्यांना ऐकू आलं नसणार. भोंगा तेवढा ऐकू आला असणार.

आणि ही जागा खाली पाचव्या मजल्यावर होती, छपराखाली होती आणि गर्दीने भरलेली होती.

"मॅडम, ते इथं येणारच न्हाईत," सुमित म्हणाला. "ते केमिकल कंपनीत हुते. त्यांना वाटतंय गॅस लीक झालाय. ते वाऱ्याच्या तोंडाला गेल्यात. सगळ्यात वर, पार पुढच्या टोकाला बघायला सांगा."

शितलने त्याच्याकडे क्षणभर पाहिलं आणि तसंच सांगितलं. सुमित वाट पाहत राहिला. बाळासोंनी जॅकेटचा पट्टा सोडला, परत उलटाच लावला.

उत्तर आलं. वर पुढच्या टोकाला कुणी नाही.

बाळासो खुर्चीत बसले. सुमित उभाच राहिला. समोरच्या टेबलावरचा पाण्याचा जग उन्हात चमकत होता आणि त्याच्याकडे पाहता पाहता त्याला काहीतरी खटकलं. मघाशी, बाळासो गाडी भिंतीवर आदळत होते तेव्हा, ऊन त्यांच्या हातातल्या फोनवर पडत होतं. त्यांनी कपाळाला आठ्या घालून फोन आडोशाला धरला होता. ते बसले होते डाव्या खिडक्यांपाशी. आता त्या टेबलांवर सावली होती आणि ऊन उजवीकडच्या जगावर होतं.

गेमच्या कोपऱ्यातला छोटा नकाशा गर्रकन फिरावा तसं त्याच्या डोक्यात झालं. जहाज वळलं होतं.

तो उजव्या खिडकीकडे धावला. काचेबाहेर धुराची पातळ, करडी पट्टी जहाजापासून लांब जात पाण्यावर विरत होती. धूर प्रवाशांवर येऊ नये म्हणून कप्तानाने जहाज फिरवून वेग कमी केला असणार. म्हणजे वारा आता समोरून नव्हता. डावीकडून उजवीकडे वाहत होता. भिमाजी पहिल्यांदा पुढच्या टोकाला गेलेही असतील. पण झेंडा फिरलेला पाहिल्यावर ते तिथे थांबले नसते.

"डावीकडं!" तो ओरडला. "मॅडम, जहाज वळलंय. वारा फिरला तसं तेबी सरकल्यात. वरच्या मजल्यावर, डाव्या बाजूला, कठड्याला लागून. जिथं छप्पर न्हाई तिथं."

"डाव्या बाजूला वर चेंडू खेळायची जाळी आहे," शितल म्हणाली. "तिच्या मागे जायला वाट नाही."

"हाय. जाळीचा खालचा दोर सुटलाय. मी परवा गेलतो." पहिल्या संध्याकाळी त्याने तोही कोपरा उजळून ठेवला होता.

तिने ते वॉकीटॉकीवर सांगितलं. यंत्र खरखरलं, गप्प झालं. मग पलीकडून हिंदीत आवाज आला: सापडले. एक पुरुष, एक बाई. दोघंही ठीक. बाईच्या नाकाला ओला पदर आहे आणि माणसाच्या नाकाला ओला रुमाल.

"श्वास?" शितलने विचारलं.

श्वास ठीक होता. इथे धूर अजिबात नाही, असं पलीकडचा माणूस म्हणाला. फक्त एक अडचण होती. दोघं खाली यायला तयार नाहीत.

"का?"

यंत्रातून वाऱ्याचा आवाज आला आणि मग भिमाजींचा, कमी ऐकू येणाऱ्या माणसाचा असतो तसा खणखणीत. "माझा पोरगा आला न्हाई अजून! माणूस मोजल्याबिगर मी हालणार न्हाई. तुम्ही त्याला हुडका आधी!"

जेवणघरातल्या बऱ्याच लोकांनी माना वळवल्या. शितलने वॉकीटॉकी सुमितच्या हातात दिला आणि बटण दाखवलं.

"आबा, मी हाय खाली. जेवायच्या हॉलमधी."

"कोण?"

"सुमित! मी सुमित!"

"कोण बोलतंय?"

"उजव्या कानाला लावा!" सुमित इतक्या जोरात ओरडला की दारापाशी कलिंगड खाणारा माणूस दचकला. "उजव्या! आबा, मी ठीक हाय. तुम्ही खाली या!"

यंत्र कानाला घासल्याचा आवाज आला.

"खाली कशाला गेलास?" भिमाजी म्हणाले. आवाज एकदम उतरला होता. "आम्ही हितं तुझी वाट बघतोय. मला वाटलं धुरात अडकलास."

"गॅस न्हाई आबा. लाँड्रीत कापडं जळली. जमायची जागा ही हाय. त्या माणसासंगं या."

"नक्की गॅस न्हाई ना?"

"नक्की."

बाळासोंनी वॉकीटॉकी अक्षरशः ओढून घेतला. "सोजरे! ये सोजरे! तू काय गॅसवाली झालीस का गं? चल खाली!"

"वरडू नका," सोजराबाईंचा आवाज आला. "भावजी सांगत्यात तसं केलं मी. तुम्ही तर नाश्त्याच्या टेबलावरनं हालला नसाल."

आता हॉलभर हशा पिकला. ज्यांना मराठी येत नव्हतं तेही हसले. बाळासो हसले नाहीत. त्यांनी वॉकीटॉकी परत दिला, खिडकीकडे तोंड केलं आणि जॅकेटच्या बाहीने डोळे पुसायला हात वर नेला. जॅकेटला बाही नव्हती, हे त्यांच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला.

भिमाजी आले तेव्हा त्यांच्या हातात पिळलेला रुमाल होता आणि मागे सोजराबाई होत्या, पदर अजून नाकावर. शितलने त्यांना चूक सांगितली. आवाज चढवला नाही, पण सोडलंही नाही: जहाजावर भोंगा वाजला की कार्डावरच्या जागी यायचं, वारा कुठूनही असो. तुम्हाला शोधायला गेलेली माणसं त्या वेळी जीवरक्षक होड्यांपाशी हवी होती. भिमाजींनी उजवा कान तिच्याकडे करून सगळं ऐकलं.

"चुकलं बाई माझं," ते म्हणाले. "पुन्हा न्हाई हुणार." आणि कार्ड टेकवलं. हिरवा दिवा लागला. मग सोजराबाईंचं. शितलने यंत्रावर पाहिलं, सगळे आले असं वॉकीटॉकीवर कळवलं आणि पहिल्यांदाच भिंतीला टेकून उभी राहिली.

थोड्या वेळाने स्पीकरवर कप्तान बोलला. लाँड्रीतल्या ड्रायरमधली आग विझली होती, कुणालाही इजा नव्हती, जहाज पुन्हा बेटाच्या दिशेने निघत होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भिमाजींनी काय झालं ते न कळता दोन टाळ्या वाजवल्या.

सुमितने पंप त्यांच्या हातात ठेवला. तो टेबलाला धरून सरळ गालिचावरच बसला. भिमाजींनी त्याच्याकडे पाहिलं, इकडेतिकडे पाहिलं आणि गुडघ्यांवर हात देऊन कसेबसे त्याच्या शेजारी खाली बसले. बापलेक लोकांच्या पायांच्या मधे, पाठीला टेबलाचा पाय लावून बसून राहिले. माणसं जॅकेट काढून कर्मचाऱ्यांच्या हातात देत होती आणि मोठमोठ्याने बोलत होती. खिडकीतलं ऊन हळूहळू सरकत पुन्हा डावीकडे गेलं.

"मी गावलो कसा?" भिमाजींनी विचारलं.

सुमितला गेममधल्या पहारेकऱ्याचं सांगायचं होतं. मग त्याने ते सोडून दिलं. "तुम्ही कुठं जाणार ते मला ठावं हुतं."

भिमाजींनी मान डोलावली, जणू यापेक्षा वेगळं काही असायचं कारणच नव्हतं. स्वयंपाकघराचं दार उघडलं. भाताची मोठी भांडी ढकलत आणली गेली आणि काउंटरजवळ लगेच रांग लागली. बाळासो रांगेत पुढे होते. सोजराबाईंचा हात त्यांनी घट्ट धरून ठेवला होता आणि त्या हात सोडवायला पाहत होत्या, कारण त्यांना ताट घ्यायचं होतं.

"भूक लागलीय का?" भिमाजींनी विचारलं.

"लय."

"मग ऊठ," ते म्हणाले, "आन् मलाबी उठीव."